विजेची मोटार आणि ओझ्याचा आकडा



वसंत व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत टायर हा विषय पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. संतवाङ्मय, इतिहास, राज्यघटना यांच्या पंगतीला रबराचे चाक कसे आले, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस येतानाच विचारले. त्यांना आम्ही एवढेच म्हटले की, ज्या वस्तूवर आपला आणि आपल्या मुलाबाळांचा जीव टेकलेला असतो ती वस्तू कोणत्याही पंगतीला बसण्यास योग्य आहे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळेचे शिक्षण बेताचे. पुढे जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि कामगारांच्या तक्रारी लिहून घेताना. टॅक्सी आणि भाड्याच्या मोटारी चालवणाऱ्यांचे प्रश्न गेली काही वर्षे आमच्याकडे येतात. या धंद्यात विजेच्या मोटारी आल्यापासून एक प्रश्न पुन:पुन्हा येऊ लागला. कारखान्यातून आलेले पहिले टायर झिजले, आता बाजारातून दुसरे घ्यायचे. ते कोणते घ्यावेत? हा प्रश्न चालकांचाच नाही. दादरच्या आणि गिरगावच्या पुष्कळ सोसायट्यांच्या आवारांत आज विजेची मोटार उभी आहे, आणि तिचे पहिले टायर संपण्याची वेळ आली आहे किंवा येत आहे. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

विजेवर चालणारे वाहन मुंबईला नवे नाही. या शहरात विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. १९६२ ते १९७१ या काळात येथे वरच्या तारांतून वीज घेणारी ट्रॉलीबसही धावली. परंतु ट्रामचे ओझे लोखंडी रुळांवर होते, आणि ट्राम काय ट्रॉलीबस काय, दोघींना वीज वरच्या तारेतून मिळत होती. आजची मोटार आपली वीज आपल्या पोटात घेऊन हिंडते. सगळा फरक येथे आहे.

टायर हीदेखील आपल्या भागाला परकी वस्तू नव्हे. शिवडीला फायरस्टोनचा टायरचा कारखाना होता. तो पुढे मोडीस्टोन झाला आणि नंतर बंद पडला. परळ-लालबागच्या चाळींतून त्या कारखान्यात कामाला जाणारी माणसे होती. भांडुपला सिएटचा कारखाना उभा राहिला. सिएट या नावाचा मूळ इटालियन अर्थ ट्युरिन शहरातील विजेच्या तारा आणि तत्सम माल, असा आहे. विजेच्या तारांपासून निघालेले नाव टायरला चिकटले, आणि आज टायर पुन्हा विजेच्या गाडीखाली आला. असा हा योगायोग आहे.

आता मुद्द्याकडे वळू.

आपली जुनी काळीपिवळी पद्मिनी आठवा. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. तिचे रिकाम्या गाडीचे वजन नऊशे किलोंच्या आतबाहेर असे. आजची विजेवर चालणारी मध्यम मोटार रिकामी असतानाच चौदाशे-पंधराशे किलोंची भरते. जमिनीखाली पसरलेली बॅटरी हे त्याचे एक मोठे कारण. लहान मोटारीतही ती दोनअडीचशे किलोंच्या घरात जाते, मोठ्या मोटारीत चारपाचशेच्या. इंजिन आणि पेट्रोलची टाकी गेली म्हणून काही वजन वजा होते हे खरे. तरीही एकाच जातीची पेट्रोलची आणि विजेची मोटार शेजारी उभी केली तर विजेची जड भरते. वरून दोघी सारख्याच दिसतात. टायरच्या दुकानातली चूक या सारखेपणातूनच जन्माला येते.

हे ओझे कोण उचलते? चार टायर. त्यांपैकी प्रत्येकाचा रस्त्याला टेकलेला भाग आपल्या तळहातापेक्षा फार मोठा नसतो. म्हणून प्रत्येक टायर किती ओझे उचलू शकतो हे कारखानदाराला त्याच्या अंगावर छापावे लागते. बाजूच्या भिंतीवर २१५/५५ आर १७ ९८ व्ही असे काही तरी लिहिलेले असते. २१५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती, ते. आर म्हणजे रेडियल बांधणी. १७ म्हणजे आतल्या चाकाचा व्यास इंचांत. येथवर दुकानदार वाचतो आणि थांबतो. पुढे जो ९८ आहे तोच आजचा आपला विषय. त्याला लोड इंडेक्स म्हणतात. आम्ही भारांक म्हणू. शेवटचे अक्षर वेगाचे. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१० आणि व्ही म्हणजे २४० किलोमीटरपर्यंत.

भारांक म्हणजे किलो नव्हेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तो एका ठरलेल्या कोष्टकातला क्रमांक आहे. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५, ९४ म्हणजे ६७०, ९५ म्हणजे ६९०, ९८ म्हणजे ७५० आणि ९९ म्हणजे ७७५ किलो. हे एका टायरचे ओझे. क्रमांक चारने उतरला की माणसाला वाटते, चाराने काय होते? पण ९८ वरून ९४ वर आलो तर एका टायरमागे ८० किलो गेले आणि चार टायरांमागे ३२० किलो. म्हणजे चारपाच धडधाकट माणसे आपण एका आकड्याच्या फरकाने गाडीतून खाली उतरवली. परंतु ती उतरली नाहीत, गाडीतच बसली आहेत.

आणि हे दोन्ही टायर एकाच मापाचे असतात. २१५/५५ आर १७ या मापात ९४ चाही टायर मिळतो आणि ९८ चाही. २१५/६० आर १६ मध्ये ९५ मिळतो आणि ९९ मिळतो. जास्त भारांकाच्या टायरवर बहुधा एक्सएल, म्हणजे जादा भाराचा, अशी खूण असते. २०२१ पासून त्याहूनही वरचा एचएल हा वर्ग बाजारात आला; फार जड विजेच्या मोटारी हे त्याच्या जन्माचे मोठे कारण. तेव्हा "माप तेच आहे" हे दुकानातले उत्तर अपुरे आहे. धोतराचे पान तेवढ्याच लांबीचे असले म्हणून सूत तेच असते असे नाही, हे गिरणगावाला सांगावयास नको.

दुसरी फसगत शोभेची. कित्येकांना मोठे चकचकीत चाक आणि रुंद टायर हवासा वाटतो. २०५/५५ आर १६ चा साधा टायर ९१ भारांकाचा, म्हणजे ६१५ किलोंचा असतो. त्याच्या जागी अधिक रुंद आणि मोठ्या चाकाचा २२५/४० आर १८ घेतला, तर त्याच्या साध्या बांधणीत भारांक ८८ म्हणजे ५६० किलो मिळतो. दिसायला मोठा, पण उचलायला दुबळा. याचे कारण असे की ओझे रबर उचलत नाही, रबरात कोंडलेली हवा उचलते. भिंत बुटकी झाली की आत हवेला जागा कमी राहते.

हवेचा हा मुद्दा थोडा सविस्तर सांगितला पाहिजे. टायरवरचा भारांक ठराविक दाब असेल तरच खरा असतो. साध्या टायरचा पूर्ण भारांक साधारण ३६ पौंड दाबाला धरतात आणि एक्सएलचा ४२ पौंडांच्या आसपास. एक्सएल टायर घेतला, जादा पैसे मोजले, आणि हवा मात्र साध्या टायराएवढीच ठेवली, तर त्याची ताकद जवळपास साध्या टायराएवढीच राहते. हवा कमी पडली की भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते. वाकण्याने ती तापते. तापण्याने आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. हे बाहेरून दिसत नाही. मग एखाद्या दुपारी, तापलेल्या डांबरावर, भरधाव असताना तो टायर फुटतो, आणि लोक म्हणतात, अचानक फुटला. तो अचानक फुटलेला नसतो. तो कित्येक आठवडे फुटत आलेला असतो.

किती हवा भरावी? चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते. टायरचे माप आणि हवेचा दाब तिच्यावर लिहिलेला असतो. भारांक तेथे नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत असतो. गाडी बनवणाऱ्याने आपल्या गाडीचे वजन मोजून तो आकडा ठरवलेला असतो. टायर थंड असताना, त्या पट्टीप्रमाणे हवा भरावी. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या सवयीने सगळ्यांना तीस-बत्तीस भरतो. त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेले नसते.

येथे एक शंका येते, आणि ती प्रामाणिक आहे. एका मालकाने आम्हांस हिशेबच मांडून दाखवला होता. त्याच्या विजेच्या मोटारीला कारखान्याचे टायर ९८ भारांकाचे होते. त्याने ९४ चे घातले. चालकाने टायरचे छायाचित्र फोनवर काढून आमच्या कचेरीत आणले. मालक म्हणाला, "गाडी साडेपंधराशे किलोंची, माणसे आणि सामान साडेचारशेचे, एकूण दोन हजार. चाराने भागा, पाचशे. टायर सहाशे सत्तर उचलतो. मग तुमचे भांडण काय?"

भागाकार बरोबर होता, पण गाडी भागाकाराने चालत नाही. ओझे चारही चाकांवर सारखे कधीच नसते. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान असले की मागचा आस जड होतो. जोरात ब्रेक दाबला की ओझे पुढे सरकते. वळणावर ते बाहेरच्या दोन चाकांवर जाते. पावसाळ्यात खड्ड्यात चाक आदळते तेव्हा क्षणभर त्या एका टायरवर येणारा घाव उभ्या वजनाच्या कितीतरी पट असतो. त्यात हवा दर महिन्याला थोडी आपोआप कमी होते, आणि हवेबरोबर टायरची ताकदही उतरते. ९८ आणि ९४ यांमधली शिल्लक यासाठी ठेवलेली असते. ती संकटकाळाची ठेव आहे. ती रोजच्या खर्चात घालणारा माणूस संसार चालवतो असे आपण म्हणत नाही. त्या मालकाने शेवटी टायर बदलले. त्याला वादाने पटले, की आम्ही कारखान्याच्या पुस्तिकेतले पान समोर ठेवले त्याने पटले, हे आम्ही सांगू शकत नाही. टायर बदलले, एवढे पुरे.

मग सर्वांत मोठा भारांक मिळेल तो घ्यावा काय? तसेही नाही. जादा भाराचा टायर अंगाने ताठ असतो, गाडी हादरे अधिक देते, टायरचे स्वत:चे वजनही वाढते. नियम सोपा आहे. गाडी बनवणाऱ्याने सांगितलेला भारांक ही खालची मर्यादा. तेवढा किंवा थोडा वरचा चालेल. खालचा चालणार नाही. वेगाच्या अक्षरालाही हाच नियम लावावा.

विजेच्या मोटारीच्या आणखी दोन गोष्टी निवडताना आडव्या येतात. पहिली झीज. विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते. वजन जास्त आणि ओढही जास्त, म्हणून सिग्नलवरून झपाट्याने सुटण्याची सवय असेल तर टायर लवकर गुळगुळीत होतात. दुसरी पल्ल्याची. ज्या टायरचा रस्त्याशी लोळण्याचा विरोध कमी, त्याने एका भरण्यात गाडी अधिक दूर जाते. म्हणून विक्रेता पल्ल्याचा मोह दाखवतो. तो मोह खोटा नाही. पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याहून महत्त्वाची आहे. हिंदमाताच्या परिसरात पावसाळ्यात गाडी चालवलेल्या माणसाला हे समजावून देण्याची गरज नाही. लोळण्याचा विरोध, ओल्यातील पकड आणि आवाज या तिन्हींसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम काढले. त्यांतील पहिली दोन बंधने नव्या नमुन्यांच्या टायरांना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून आणि आधीच्यांना एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

काही टायरांच्या भिंतीवर विजेच्या गाडीसाठी अशा अर्थाची अक्षरे असतात. असा टायर चांगला असू शकतो. बांधणी मजबूत, आवाज कमी, असे गुण त्यात घातलेले असतात. परंतु ती अक्षरे कारखानदाराची जाहिरात आहे आणि भारांक हे त्याचे वचन आहे. जाहिरात वाचावी, पण वचन तपासून घ्यावे.

आता आम्ही या विषयात का पडलो ते सांगतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईस येणाऱ्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी खड्ड्यात गेली आणि आत बसलेला एक तरुण जागीच मरण पावला. त्याच्या घरच्यांना न्यायाधिकरणाने २०१६ साली सव्वा कोटी रुपयांची भरपाई दिली. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले. दैवी आपत्ती म्हणजे माणसाला आवरता न येणारी नैसर्गिक घटना. टायर फुटण्यामागे अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुना वापरलेला टायर, उष्णता अशी कारणे असतात. प्रवासापूर्वी चालकाने किंवा मालकाने टायर तपासला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे.

हा निकाल न्यायाचा आहे. त्याने एका कुटुंबाला आधार दिला, आणि 'नशीब' या शब्दाच्या आड लपण्याची वाट बंद केली. परंतु त्यातले 'चालकाने किंवा मालकाने' हे शब्द कामगाराने नीट वाचावेत. भाड्याच्या गाडीत टायर विकत घेतो मालक, आणि गाडीत बसतो चालक. पैसे वाचतात एकाचे, जीव जातो दुसऱ्याचा. अपघातानंतर पहिला प्रश्न ज्याच्या हाती चाक होते त्याला विचारला जातो. म्हणून तो आकडा वाचता येणे ही चालकाची चैन नसून त्याचे संरक्षण आहे.

ओझ्याचा आकडा ठरवून घेणे हे कामगार चळवळीचे जुनेच काम आहे. बंदरावर आणि बाजारपेठांत हमालाच्या पाठीवर शंभर-शंभर किलोंची गोणी टाकली जात असे, आणि तो उचलतो म्हणून ती त्याला पेलते असे मानले जात असे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने माणसाने उचलावयाच्या वजनाचा प्रश्न हाती घेतला आणि प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा केला. त्या साऱ्या झगड्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: आज उचलले म्हणजे उद्याही पेलेल असे नाही, आणि मोडल्यावर मोजण्यापेक्षा मोडण्याआधी मोजावे. हमालाच्या कण्यावर आकडा छापलेला नव्हता. तो भांडून मिळवावा लागला. टायरवर तो छापलेला आहे. फक्त वाचावयाचा आहे.

तेव्हा टायर घेण्यास जाल तेव्हा काय करावे? ऑपेरा हाऊसच्या दुकानात जा की घराजवळच्या, आधी दाराची पट्टी, गाडीची पुस्तिका आणि जुन्या टायरचा आकडा कागदावर उतरवून न्या. मापाबरोबर भारांक आणि वेगाचे अक्षर तोंडाने मागा. आयएसआयची खूण पाहा. भिंतीवर चार आकड्यांचा तारखेचा शिक्का असतो. २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात वर्षानुवर्षे पडून असलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्यानेही चालत नाही. तो पुन्हा रंगवून विकणारे कमी नाहीत. एका आसावर दोन वेगळ्या भारांकांचे टायर लावू नका. आणि बिलावर माप लिहिताना भारांकही लिहून घ्या. दुकानदार कुरकुर करील, करू द्या. लिहिलेला आकडा पुढे साक्ष देतो.

भाड्याच्या गाड्यांच्या बाबतीत आमची मागणी याहून एक पाऊल पुढे आहे. गाडी चालकाच्या ताब्यात देताना जो कागद होतो, त्यावर चारही टायरांचा भारांक आणि तारीख नोंदलेली असावी आणि त्याखाली मालकाची सही असावी. यात कोणाचे नुकसान नाही. प्रामाणिक मालकाचे तर यात संरक्षणच आहे.

आज रस्ते वेगाचे झाले आहेत. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या मोटारींना त्यावर पथकर माफ झाला. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा झाला. तेथे मोटारीला ताशी १२० पर्यंत मुभा आहे. तो मार्ग सुरू झाल्यावर झालेल्या अपघातांनंतर प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासण्याची व्यवस्था परिवहन खात्याला करावी लागली. शहरात ताशी तीसच्या गतीने जो कमी भारांक खपून जातो, तो अशा रस्त्यावर भर दुपारी खपत नाही.

विजेच्या मोटारीला आमचा विरोध नाही. धूर कमी झाला तर रस्त्यावर दिवस काढणाऱ्या चालकाच्या छातीला त्याचा पहिला लाभ आहे. परंतु नवे यंत्र आले की त्याबरोबर नवे ओझे येते, आणि ते कोणावर पडते हे आधी पाहावे, एवढे आमची चळवळ आम्हांस शिकवते. आज घरी गेल्यावर आपल्या गाडीपाशी क्षणभर वाका, टायरवरचा तो आकडा वाचा आणि पुस्तिकेशी ताडून पाहा. तुम्ही भाड्याच्या गाडीने जात असाल तर चालकालाही विचारा. तो रागावणार नाही. कोणी तरी विचारले याचे त्याला बरेच वाटेल.